मधलं इंजिन

विमानाला तीन इंजिनं कशासाठी असतात, हे मला आयुष्यात फार जणांनी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना मी गरजेपेक्षा जास्त सांगत बसलो. माझं पुढं जे वाटोळं झालं ते त्या सांगण्यातूनच झालं, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

मी मन्मथप्पा, धर्मापुरीचा. आमच्या घरात चार पिढ्या किराण्याचं दुकान. तागडी सोडून हातात पाना धरणारा मी पहिलाच निघालो, आणि वडील वारेपर्यंत मला ‘आमचा खुळा’ म्हणत राहिले. आखातातल्या एका विमान कंपनीत मी बावीस वर्षं मेकॅनिक होतो. त्या कंपनीकडं तीन इंजिनांची प्रवासी जेट विमानं होती. दोन इंजिनं शेपटाच्या दोन अंगांना, बाईनं दोन पोरं दोन कडेवर घ्यावी तशी. तिसरं कुठं आहे ते नवख्याला सापडत नाही, कारण ते शेपटाच्या पोटात असतं. वर पाठीवर, उभ्या शेपटाच्या बुडाशी, एक मोठं गोल तोंड दिसतं. तिथून हवा आत शिरते, नळीतून खाली वळते, पुन्हा सरळ होते आणि मग त्या मधल्या इंजिनाला पोचते. या वळणाच्या नळीत एखादा रिव्हेट जरी ढिला झाला तरी तो थेट इंजिनाच्या पात्यांत जाणार. म्हणून ठरावीक तासांनी आत माणूस घालून नळी तपासावी लागे. मी तेव्हा अठ्ठेचाळीस किलोंचा होतो. बावीस वर्षं तो आत घातलेला माणूस मीच होतो.

पोटावर सरपटत, तोंडात टॉर्च धरून, एकेका रिव्हेटवरून बोट फिरवत जायचं. शेवटी वळण संपलं की समोर इंजिनाची पाती दिसायची, चक्राकार, एकाला एक लागून. तिथं पोचलं की मला फार बरं वाटायचं. देवळात गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिल्यासारखं वाटायचं असं मी एकदा बायकोला, उमाबाईला म्हणालो, तर ती म्हणाली, “मग तिथंच ऱ्हावा. इथं कशापायी येता?”

ते विमान जन्मलं कसं हेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या तीन विमान कंपन्यांना एकच नवं विमान हवं होतं. एकीची विमानतळं उंच डोंगराळ मुलखात, म्हणून तिला चार इंजिनं हवी होती. दुसरीला इंधन वाचवायचं होतं, तिला दोन पुरत होती. तिसरीला समुद्रावरून जायचं होतं, आणि त्या काळी नियमच असा होता की दोन इंजिनांच्या विमानानं उतरायच्या जागेपासून तासाभराहून लांब जायचं नाही. शेवटी तडजोड झाली, तीन! आमच्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळानं काढलं असतं तर अगदी असंच विमान निघालं असतं. फरक इतकाच की हे उडालं, आणि फार देखणं उडालं. छोट्या धावपट्टीवर उतरताना त्याचे पंख असे उलगडत, जशी कोंबडी पिलांवर बसताना पिसं पसरते. शेपटाखाली स्वतःचा जिना होता. कुठंही उतरा, जिना खाली सोडा, माणसं उतरवा. कुणाच्या शिडीची वाट बघायची नाही.

पुढं दोन इंजिनांची विमानं इतकी भरवशाची झाली की समुद्राचा तो नियम त्यांच्यासाठी सैल केला गेला, आणि तीनवाली बसली. तिसरं इंजिन स्वतः कधी वाईट वागलं नाही. बाकीची दोन सुधारली, एवढाच त्याचा गुन्हा. माझी नोकरीही त्याच्याबरोबर गेली.

उमापूरच्या रस्त्याला, माळावर, आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना आहे आणि कारखान्याचं तंत्रनिकेतन आहे. चेअरमन सुंदरराव. ऊस जोरात होता त्या साली कुठल्याशा विमानतळाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभं असलेलं एक तीन इंजिनांचं विमान लिलावात निघालं. ते ज्या कंपनीचं होतं ती बुडाली होती. सुंदररावांनी ते कारखान्यासाठी घेऊन टाकलं. तंत्रनिकेतनात विमान दुरुस्तीचा कोर्स काढायचा होता. दिल्लीची समिती येऊन बघणार आणि मग मान्यता देणार. अट एकच होती: संस्थेकडं इंजिनांसह संपूर्ण जोडलेलं विमान पाहिजे. ते जोडणारा माणूस शोधता शोधता ते धर्मापुरीत माझ्या ओट्यावर आले.

“आप्पा, जमंल का?” सुंदररावांनी विचारलं.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी हो म्हणालो. उमाबाई आतून म्हणाली, “आली पुन्हा सवत.”

चार ट्रेलरवरून विमान आलं. पंख वेगळे, धड दोन तुकड्यांत, इंजिनं लाकडी चौकटीत. कारखान्यानं मदतीला धर्मराज दिला. धर्मराज कारखान्यातला टर्बाइनचा फिटर, बावन्न वर्षांचा, कारखान्याचा सभासद, दोन एकरांचा धनी. विमान त्यानं फक्त वर बघून पाहिलेलं. पण पहिल्या दिवशी त्यानं इंजिनाच्या तोंडाशी उकिडवं बसून आत हात घातला, एक पातं बोटानं हळूच फिरवलं, सगळं चक्र फिरायला लागलं, आणि तो माझ्याकडं बघून म्हणाला, “आप्पा, हे तर आपल्या टर्बाइनचंच लेकरू हाय की.” त्या क्षणापासून मला तो आवडला.

आम्ही जोडायला लागलो. मध्ये ती मोठी गारपीट झाली. डाव्या पंखावर लिंबाएवढे खळगे पडले, धर्मराज दोन दिवस हळहळत होता. गारपिटीनंतर मात्र आभाळानं तोंडच फिरवलं. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या. श्रावणातल्या एका सोमवारी, माळावर धूळ उडत असताना, आम्ही मधलं इंजिन बसवलं. दीड टनाचं धूड खालून चेन-ब्लॉकनं एकेक बोट वर घ्यायचं आणि शेपटाच्या पोटात तीन ठिकाणी असं टेकवायचं की बोल्ट हातानं आत गेला पाहिजे, ठोकावा लागता कामा नये. मी वर, धर्मराज खाली साखळीवर. बोल्ट हातानं आत गेला. उमाबाईनं सवतीला कुंकू लावलं, नारळ फोडला. तंत्रनिकेतनातल्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. एकतीस जणं होती, बहुतेकांचे आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊस तोडायला जाणारे.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगतो. माघात समिती येईपर्यंत हे विमान तिन्ही इंजिनांसह उभं राहावं. मान्यता मिळावी. आणि मी मरायच्या आधी या एकतिसांतल्या एकाला तरी मधलं इंजिन बसवता यावं. तीन इंजिनांची विमानं आता कुणी बनवत नाही, शिकून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याला ते इंजिन बसवता येतं त्याला जगातलं कुठलंही बसवता येतं.

भाद्रपदात कारखान्याची वार्षिक सभा भरली. आमच्याकडची ही सभा ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायला पाहिजे. मंडप, पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या. सेक्रेटरी विषय वाचतात ते मंगलाष्टकांच्या चालीवर, एका दमात. अर्थ कळायचं कारण नाही. विषयाचा शेवटचा शब्द कानावर पडायच्या आत सगळा मंडप ओरडतो, “मंजूर! मंजूर!” लग्नात ‘सावधान’ला अक्षता टाकतो तसं. हात आपोआप वर, तोंड आपोआप उघडं, लक्ष जेवणाच्या वासाकडं. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी उसाची वाढ गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. बॉयलर पेटणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. सुंदररावांनी वातावरण हलकं करायला मला माइकपाशी बोलावलं. “आप्पा, सांगा लोकांना आपल्या इमानाचं. पाच मिन्टं.”

मी पंचवीस मिनिटं बोललो. चार इंजिनं का नकोत, दोन का पुरत नव्हती, सगळं सांगितलं. कोंबडीच्या पिसांचं सांगितलं, शेपटाखालच्या जिन्याचं सांगितलं. लोक ऐकत होते. माझं आयुष्यात इतक्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं, मी चढलो. शेवटी म्हणालो, “आणि या रचनेची खरी खुबी अशी, की तीनपैकी एक इंजिन बंद पडलं तरी विमान सुखरूप घरी येतं. प्रत्येक इंजिन स्वतंत्र. एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही.”

टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीतून बबनरावांनी हात वर केला. बबनराव नदीगटाचे संचालक. आमच्या कारखान्याचे तीन गट: गोदावरीकाठचा नदीगट, वरचा माळगट आणि चेअरमन स्वतः ज्यातले तो मधला गट.

“म्हंजी आप्पा, एक न्हाई म्हनलं तरी चालतं?”

“चालतं की!” मी म्हणालो. “बिनधास्त चालतं.”

मी खाली उतरलो. मागच्या सतरंजीवरून माळगटाचे धुळाजी उठले आणि त्यांनी सभेच्या वर्मावर बोट ठेवलं. “ते इमान ऱ्हाऊ द्या चेअरमनसाहेब. दिवाळीची साखर किती देनार ते बोला.”

सभासदाला दिवाळीला कारखान्याची साखर मिळते. ती गोडासाठी कमी आणि मानासाठी जास्त असते. त्या साली साखर नव्हतीच. मंडपात गलका उठला. “काय तरी द्या गटाला! मोकळ्या हातानं गावात जायाचं व्हय?” संचालक मंडळी माना एकत्र घालून कुजबुजली. मी मागं बसून चहा पीत होतो. चारजण येऊन माझी पाठ थोपटून गेले होते, धर्मराज शेजारी खुशीत होता. माइकवर सेक्रेटरींनी अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय वाचायला घेतला. कारखान्याच्या मालकीची वस्तू, तिन्ही गटांस, समसमान, असं काहीतरी. मंडप ओरडला, “मंजूर! मंजूर!”

मीही ओरडलो. मी सभासदसुद्धा नव्हतो. मला वाटलं, कसली तरी सतरंजी-भांडी असतील.

जेवायच्या पंगतीत बबनरावांनी माझ्या पानात स्वतः बुंदी वाढली. “आप्पा, आमच्याकडं उजवं इंजन येनार. नदीकाठाला जॅकवेलपाशी मांडतो.”

भरलं पान सोडून मी उठलो आणि चेअरमनकडं गेलो. सुंदरराव माणूस वाईट नव्हते, हेही सांगतो. दुष्काळात ज्याच्याकडं द्यायला काहीच नाही आणि मागणारे तीन हजार आहेत, त्याच्या जागी मी कधी बसलो नाही.

“आप्पा, एकच नेऊ द्या,” ते म्हणाले. “नदीगटाचे लोक लई चवताळलेत. त्यान्ला वाटतंय, इंजन म्हनल्यावर पानी वढंल.”

“साहेब, ते घासलेट पितं, पाणी ओढत नाही. तासाला टँकरभर घासलेट.”

“मला ठावं हाय हो. पन त्यान्ला बघू तरी द्या. तुमीच म्हनले की, एक नसलं तरी चालतं.”

मी म्हणालोच होतो. मग मीही मनाशी हिशेब केला की दोन राहतील, उजव्या बाजूला पत्र्याचा खोका करून बसवू, समितीला विनंती करू, मधलं तर आहे. माणूस असा एकेक बोट खाली येतो. दिवाळीच्या पाडव्याला मी आणि धर्मराजनं उजवं इंजिन उतरवून दिलं. नदीगटानं ते वाजतगाजत नेलं. गोदावरीच्या वाळूत तेव्हा पोरं क्रिकेट खेळत होती. नदीचं पाणी उपसायच्या कोरड्या जॅकवेलशेजारी, नदीकडं तोंड करून त्यांनी ते मांडलं. साखराबाई नावाची एक म्हातारी रोज त्याला तांब्याभर पाणी घालते असं कळलं. टँकरचं पाणी, तेही आठ दिवसांतून एकदा येणारं.

नदीगटाला मिळालं म्हटल्यावर माळगट थांबतो थोडाच. धुळाजी ट्रॅक्टर आणि दोरखंड घेऊन स्वतः आले. मी सांगितलं, एकाच इंजिनावर हे विमान कुठं जात नसतं. धुळाजींनी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “आप्पा, ते तसं बी कुटं जातंय?”

डावं गेलं.

तोवर माळावर जनावरांची छावणी पडली होती. मैलभरात झाड नाही. विमानाच्या पंखांखाली तेवढी सावली, म्हणून लोकांनी तिथं गुरं बांधली. चाकांच्या पोलादी खांबांना दावी. मी कुणाला हाकललं नाही. एक पांढरी गाय भर दुपारी पंखाखाली बसून त्या खळग्यांकडं वर बघत रवंथ करायची.

आणि मग मधल्या गटाचे लोक आले. मधलं इंजिन मधल्या गटाला, याहून सरळ हिशेब जगात कुठला असणार? मी या खेपेला नाही म्हणालो. साफ नाही. म्हणालो, “हे कडेवरचं पोर नव्हे, पोटातलं आहे. हे काढायचं कसं ते या जिल्ह्यात मला एकट्याला येतं, आणि मी काढणार नाही.” मला वाटलं, आता हे अडलं. आपण फार अवघड काम शिकलो याचा मला तेव्हा किती आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी ते गॅस कटर घेऊन आले. शेपूट कापून काढतो म्हणाले.

धर्मराज मला बाजूला घेऊन गेला. त्याचा कारखान्यातला पगार पोळ्यापासून बंद होता, त्यानं ते मला एकदाही सांगितलं नव्हतं. “आप्पा, ऐका माजं. ते कापतील. नळी कापतील, तुमी सरपटायचे ती. त्यापरीस आपन उतरवू. बोल्ट हातानं घातला व्हता, हातानं काढू.”

सहा दिवस लागले. मी वर, तो खाली साखळीवर. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा इंजिन जरासं हललं, आणि धर्मराज खालून म्हणाला, “सावकाश, बाई, सावकाश.” इतक्या वर्षांत त्याला बाई म्हणणारा तो एकटाच. मला तिथं वर, शेपटाच्या पोटात, रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला वर जागाही नव्हती.

इंजिन मधल्या गटाच्या चौकात गेलं, पत्र्याच्या छपराखाली. त्याला चंदेरी रंग दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे धर्मराज बायकोसह टोळीच्या ट्रकमध्ये बसला. बावन्नाव्या वर्षी, टर्बाइनचा फिटर, पहिल्यांदा कोयता घेऊन.

“कुठवर चाललास?”

“कोल्हापूरच्या बी पल्याड. तिकडं पानी हाय.” त्यानं ट्रकमधून विमानाकडं बघितलं. “समिती आली की सांगा. नळी चांगली ठिवा.”

समिती माघात आली. तिघे होते. मी शेपटाचं तोंड, जिना, नळी, सगळं घासूनपुसून ठेवलं होतं. जिथं इंजिन असायचं तिथं मी एकतिसांपैकी चौघांकडून लाकडी साचा करून बसवला होता, म्हणजे निदान जागा कळावी. चौघंच, कारण बाकीची आईबापांबरोबर गेली होती. तिघांतले एक गृहस्थ माझ्याच वयाचे होते. ते शिडीवर चढले, वरच्या तोंडात डोकं घातलं, बराच वेळ काढलंच नाही. खाली आल्यावर म्हणाले, “काय सुंदर नळी ठेवलीय हो तुम्ही.” मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग त्यांनी गुरांच्या मधून वाट काढत आपल्या वहीत लिहिलं, इंजिने उपलब्ध नाहीत.

ते गेल्यावर दुपारी मी नळीत शिरलो. आता मी अठ्ठेचाळीस किलोंचा नाही, बासष्टचा आहे, खांदे घासले. बोट रिव्हेटवरून फिरवत गेलो. एकही ढिला नव्हता. वळण संपलं आणि समोर पाती यायची तिथं चौघा पोरांचा लाकडी साचा, आणि त्याच्या फटीतून पलीकडचा माळ. बाहेर एक म्हैस ओरडत होती. बावीस वर्षांत त्या जागेवरून मला कधी बाहेरचं काही दिसलं नव्हतं. मी तिथं फार वेळ थांबलो नाही, उलटा सरपटत आलो.

त्याच आठवड्यात मी संचालक मंडळाला अर्ज लिहिला. माझं हस्ताक्षर चांगलं आहे, चार पिढ्यांच्या चोपड्यांचं. लिहिलं की तिन्ही इंजिनं तिन्ही गटांकडून परत मागवावीत, मी आणि धर्मराज पुन्हा बसवून देतो, समितीला पुन्हा बोलावता येईल. आणि राग होता म्हणून शेवटी असंही लिहिलं: “इंजिनांविना हे विमान निरुपयोगी असून ते केवळ भंगार आहे, याची मंडळाने नोंद घ्यावी.”

मंडळानं नोंद घेतली.

पुढचा पावसाळा आधीच्याहून वाईट गेला. सभेचा मंडप लहान होता, जेवणाला पिठलं-भाकरी. सुंदरराव वर्षात दहा वर्षांनी थकलेले दिसले. धर्मराज आला होता, माझ्याशेजारीच बसला. त्याचा डावा अंगठा कोयत्यानं अर्धा गेला होता. मी बघतोय हे कळल्यावर त्यानं हात टोपीखाली झाकला.

“पाना धरता येतो का?” मी विचारलं.

“धरायचाच कशाला आता?” तो म्हणाला.

सेक्रेटरी विषय वाचत होते, एका दमात, त्याच चालीवर. विषय क्रमांक अकरा. मी कान देऊन ऐकत होतो, या वर्षी प्रत्येक शब्द ऐकायचा असं ठरवून आलो होतो. तंत्रनिकेतनाच्या आवारातील जुने विमान, इंजिनांअभावी निरुपयोगी, भंगारात काढणेबाबत. मी उठून उभा राहिलो. “माझा विरोध नोंदवा,” असं म्हणालो, पण तोवर मंडप ओरडला होता. माझ्या अगदी कानाशी धर्मराजचा आवाज होता, “मंजूर!”

मग त्यालाच कळलं आपण काय म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं, तोंड तसंच उघडं. आदल्या वर्षी माझ्याही तोंडून असंच निघून गेलं होतं. मी खाली बसलो आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, “उभं ऱ्हायलेले सभासद न्हाईत. विषय बारा.”

चार दिवसांनी मला कारखान्यात बोलावणं आलं. कार्यालयात सेक्रेटरी एकटेच होते, भंगारवाला बाहेर बाकावर बसला होता. सेक्रेटरींनी इतिवृत्ताचं जाड पुस्तक माझ्यापुढं फिरवलं. “आप्पा, तंत्रज्ञ म्हनून तुमची सही लागती. तेवढं वाचून घ्या.”

मी वाचलं. दोन्ही ठराव तिथं शेजारी चिकटवलेले होते. पहिला आदल्या सालचा: “तंत्रज्ञ श्री. मन्मथप्पा यांनी सभेस दिलेल्या माहितीनुसार एक इंजिन नसले तरी विमानाचे अडत नाही, तसेच प्रत्येक इंजिन स्वतंत्र आहे. सबब तीन इंजिने तिन्ही गटांस समसमान देण्यात यावीत.” दुसरा परवाचा: “तंत्रज्ञ श्री. मन्मथप्पा यांच्या लेखी अभिप्रायानुसार इंजिनांविना विमान निरुपयोगी असून केवळ भंगार आहे; सबब ते काढून टाकण्यात यावे. एकमताने मंजूर.”

मी ते तीनदा वाचलं. दुकानदाराचा नातू आहे, कागदात चूक सापडते मला. एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही दुसऱ्याचा नव्हता. मी विचारलं, “कापायला कधी सुरुवात करणार?”

“आजच. शेपटाकडून,” सेक्रेटरी म्हणाले.

“नळीत आधी माणूस घाला,” मी म्हणालो. “आत चिमण्यांची घरटी झालीत.”

ते बरं म्हणाले. त्यांनी पेन पुढं केलं आणि मी दोन्हीखाली सही केली.